१४ मिलिमीटरची थायरॉईडची गाठ आणि रिपोर्टवर ‘टायरॅड्स ४’: सुई, वाट पाहणं की ऑपरेशन?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पत्नीचं वय ३८. मान दुखते म्हणून सोनोग्राफी केली आणि थायरॉईडच्या उजव्या लोबमध्ये (उजव्या भागात) १४ × ११ × १० मिलिमीटरची गाठ सापडली. रिपोर्टमध्ये ‘सॉलिड, हायपोएकोइक, कडा स्पष्ट, कॅल्सिफिकेशन नाही, टायरॅड्स ४’ एवढंच लिहिलंय. (टायरॅड्स म्हणजे सोनोग्राफीतलं रूप बघून गाठीचा संशय किती ते सांगणारी पायऱ्यांची पद्धत.) टीएसएच (थायरॉईडचं काम कसं चाललंय ते दाखवणारी रक्ततपासणी) २.१, म्हणजे नॉर्मल. एका डॉक्टरांनी लगेच एफएनएसी (बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासणं) करायला सांगितली, दुसऱ्यांनी वर्षभराने पुन्हा सोनोग्राफी करू म्हणून सांगितलं, तिसरे म्हणाले की संशय ठेवण्यापेक्षा पूर्ण थायरॉईडच काढून टाका. तुमच्या सासूबाईंना, म्हणजे पत्नीच्या आईला, गलगंड होता, त्यामुळे घरात जास्तच भीती आहे. सुई टोचली की कॅन्सर पसरतो, असंही कुणी तरी सांगितलंय.

‘हा कॅन्सर आहे का?’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तर आज कुणाहीकडे नाही. आज विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या गाठीत कॅन्सर असण्याची शक्यता साधारण किती, आणि तेवढ्या शक्यतेसाठी पुढची कोणती पायरी योग्य? असं पाहिलं तर पहिल्या दोन डॉक्टरांचं म्हणणं एकमेकांविरुद्ध वाटत असलं तरी दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. तिसऱ्या सल्ल्याशी मात्र मी सहमत नाही. तिन्हींची कारणं पुढे देतो.

थायरॉईडमध्ये गाठी असणं फार सामान्य आहे. हाताला लागणारी गाठ साधारण पाच टक्के स्त्रियांमध्ये आणि एक टक्का पुरुषांमध्ये असते. पण हातात गाठ लागो न लागो, सरसकट सोनोग्राफी केली तर वेगवेगळ्या पाहण्यांमध्ये १९ ते ६८ टक्के लोकांमध्ये काही ना काही सापडलं आहे. वय वाढतं तसं प्रमाण वाढतं, स्त्रियांमध्ये जास्त. तपासणी करण्याजोग्या गाठींपैकी ७ ते १५ टक्क्यांमध्ये कॅन्सर निघतो. म्हणजे पुढचं काहीही माहीत नसताना गाठ साधी असण्याची बाजू बरीच जड आहे. सगळ्या तपासण्या करायच्या त्या आपल्यासमोरची गाठ या आकड्याच्या किती वर किंवा किती खाली आहे, हे ठरवण्यासाठी.

आता तुमच्या रिपोर्टमधला ‘४’. हा आकडा नुसता वाचून काहीच ठरवता येत नाही, कारण टायरॅड्स नावाच्या एकाहून जास्त पद्धती चालू आहेत. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीची २०१७ ची पद्धत गुण देऊन बेरीज करते. युरोपियन थायरॉईड असोसिएशनची, तीही २०१७ चीच, गाठीचं रूप बघून थेट गट ठरवते. २०११ साली कोरियातून आलेल्या पद्धतीत ४ चे अ, ब, क असे पोटभाग आहेत आणि ‘अ’ व ‘क’ यांच्या धोक्यात मोठं अंतर आहे. आपल्याकडच्या अनेक रिपोर्टांवर कोणती पद्धत वापरली हे लिहिलेलंच नसतं. म्हणून रिपोर्ट हातात आला की मी शेवटचा आकडा बाजूला ठेवतो आणि वर्णन वाचून बेरीज स्वतः करतो. तुम्हालाही ती करता येईल.

अमेरिकन पद्धतीत पाच गोष्टी पाहतात. गाठ आतून कशी आहे: पूर्ण पाण्याची किंवा स्पंजासारखी जाळीदार असेल तर शून्य, अर्धी पाण्याची अर्धी घट्ट असेल तर १, सॉलिड असेल तर २. सोनोग्राफीच्या पडद्यावर ती किती काळी दिसते: शेजारच्या थायरॉईडइतकी किंवा त्याहून उजळ असेल तर १, त्याहून गडद म्हणजे हायपोएकोइक असेल तर २, मानेच्या पुढच्या स्नायूंपेक्षाही काळी असेल तर ३. आकार आडवा आहे की उभा: आडव्या छेदात रुंदीपेक्षा खोली जास्त असेल तर सरळ ३, नाहीतर शून्य. कडा: गुळगुळीत किंवा नुसती अस्पष्ट असेल तर शून्य, वेडीवाकडी किंवा कंगोरे असलेली असेल तर २, थायरॉईडच्या बाहेर पसरल्यासारखी असेल तर ३. शेवटी चमकणारे ठिपके: काही नसेल तर शून्य, मोठं कॅल्सिफिकेशन (कॅल्शियमचा साठा) १, कडेने कवच धरलं असेल तर २, बारीक टाचणीच्या टोकाएवढे ठिपके असतील तर ३.

तुमच्या पत्नीच्या गाठीची बेरीज: सॉलिड २, हायपोएकोइक २, बाकी शून्य. एकूण ४. चार ते सहा गुण म्हणजे टायरॅड्स ४, सात आणि पुढे म्हणजे ५. तेव्हा रिपोर्टवरचा आकडा या पद्धतीने जुळतो, पण गटाच्या अगदी खालच्या पायरीवर आहे. या गटाचा धोका ५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान धरतात. चार गुणांची गाठ आणि सहा गुणांची गाठ रिपोर्टवर सारखीच ‘४’ दिसते, पण धोक्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्या नसतात.

दोन डॉक्टरांचे सल्ले वेगळे का, ते इथे कळतं. अमेरिकन रेडिओलॉजीच्या पद्धतीत टायरॅड्स ४ ची गाठ १५ मिलिमीटर किंवा मोठी असेल तर सुईची तपासणी, १० ते १५ च्या मध्ये असेल तर नजर ठेवणं. युरोपियन पद्धतही या गटाला १५ च्या वरच सुई सांगते. पण अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शनात गुळगुळीत कडांची सॉलिड हायपोएकोइक गाठ ‘मध्यम संशय’ गटात येते, धोका १० ते २० टक्के धरतात आणि सुईची मर्यादा १० मिलिमीटर आहे. गाठ १४ ची आहे. एका डॉक्टरांनी एक पुस्तक धरलं, दुसऱ्यांनी दुसरं. यात कुणाचा निष्काळजीपणा नाही आणि कुणाचा पैशावर डोळाही नाही.

या मर्यादा कुठून आल्या तेही समजून घ्या. १४ ची गाठ निरुपद्रवी आणि १५ ची घातक, असा त्यांचा अर्थ नाही. लहान गाठींना सरसकट सुया टोचल्या तर हजारो लोकांच्या हाती ‘नक्की सांगता येत नाही’ असे रिपोर्ट पडतात, त्यातून अनावश्यक ऑपरेशनं होतात. आणि लहान गाठीत कॅन्सर असलाच तरी तो बहुधा संथ वाढणारा पॅपिलरी प्रकारचा असतो, वर्षभर उशीर झाल्याने त्याच्या निकालात सहसा फरक पडत नाही. या दोन बाजू तोलून तज्ज्ञांच्या समित्यांनी रेघ ओढली. दोन समित्यांनी ती दोन ठिकाणी ओढली, इतकंच.

तुमच्या रिपोर्टमध्ये मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट या वादापेक्षा वेगळी आहे. मापं पाहा: १४ × ११ × १०. यातली खोली कोणती आणि रुंदी कोणती, हे लिहिलेलं नाही. समजा लांबी १४, रुंदी ११, खोली १०. मग गाठ आडवी आहे, शून्य गुण. पण रुंदी १० आणि खोली ११ असेल तर गाठ उभी ठरते, ३ गुण वाढतात, बेरीज ७ होते आणि गट एकदम ५ होतो. त्या गटाचा धोका २० टक्क्यांच्या वर असतो आणि त्यात १० मिलिमीटरलाच सुई सांगितली आहे. एका मिलिमीटरवर पुढचा सगळा मार्ग बदलतो. दोन वेगळ्या हातांनी मोजलं तर एक-दोन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. प्रोब (सोनोग्राफीत मानेवर फिरवतात तो) जोरात दाबला तर गाठ चपटी दिसते, तिरका धरला तर उभी दिसू शकते. उभ्या आकाराला इतकं महत्त्व का, तर साधी गाठ ऊतींच्या थरांना धरून आडवी वाढते आणि कॅन्सर ते थर ओलांडत जातो.

म्हणून पहिली पायरी सुईही नाही आणि वर्षभराची वाट पाहणंही नाही. थायरॉईडची सोनोग्राफी नियमित करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून ती पुन्हा नीट करून घ्या. १० मेगाहर्ट्झ किंवा त्याहून जास्त वारंवारितेचा सरळ, लिनिअर प्रोब हवा. पोटाच्या सोनोग्राफीचा वाकडा प्रोब या कामाचा नाही. रिपोर्टमध्ये तीन मापं दिशांसह, पाचही वैशिष्ट्यं शब्दांत, कोणती टायरॅड्स पद्धत वापरली ते नावासह, आणि मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसिका ग्रंथींबद्दल (लिम्फ नोड) एक स्पष्ट ओळ, एवढं मागा. चांगला रेडिओलॉजिस्ट याला नाही म्हणत नाही.

ही लसिका ग्रंथींची ओळ तुमच्या रिपोर्टमध्ये नाहीच. माझ्या मते तीच सगळ्यात मोठी उणीव आहे. मानेत एखादी ग्रंथी गोलसर झालेली, मधला चरबीचा उजळ पट्टा हरवलेली, आत बारीक ठिपके किंवा पाणी साठलेली दिसली, तर थायरॉईडमधली गाठ किती मिलिमीटरची याला फारसा अर्थ उरत नाही. मग गाठीला आणि त्या ग्रंथीलाही सुई लावायची, आणि ग्रंथीतून आलेल्या सुईच्या धुण्यात थायरोग्लोब्युलिन (थायरॉईडच्या पेशीच बनवतात ते प्रथिन) मोजायचं. उलट ग्रंथी स्वच्छ असतील तर वाट पाहण्याचा पर्याय बऱ्याच विश्वासाने देता येतो.

ठिपक्यांबद्दलही विचारून घ्या, कारण तिथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. पाण्याच्या भागात कोलॉईडचे (थायरॉईडमधल्या चिकट द्रवाचे) चमकणारे ठिपके असतात, त्यांच्या मागे धूमकेतूसारखी निमुळती शेपटी दिसते. ते साध्या गाठीचं लक्षण आहे. तेच ‘मायक्रोकॅल्सिफिकेशन’ म्हणून लिहिलं गेलं तर कारण नसताना ३ गुण वाढतात. याउलट सॉलिड भागातले बारीक, शेपटी नसलेले ठिपके जुन्या मशीनवर किंवा घाईत सुटून जातात. आणखी एक अडचण हाशिमोटोची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर हल्ला करते त्या आजाराची. रक्तात अँटी-टीपीओ (या आजारातलं प्रतिपिंड) वाढलेलं असेल तर पूर्ण थायरॉईडच गडद आणि ठिगळं लावल्यासारखी दिसते. मग त्यातली गाठ किती काळी हे ठरवणं कठीण जातं, आणि कधी कधी सुजलेला साधा भागच गाठ म्हणून मोजला जातो. टीपीओ केलेलं नसेल तर एकदा करून घ्यायला हरकत नाही.

टीएसएच नॉर्मल आहे याचा अर्थ नीट समजून घ्या. त्यातून कॅन्सर नाही असं सिद्ध होत नाही, कारण थायरॉईडच्या बहुतेक कॅन्सरमध्ये टी३, टी४, टीएसएच नॉर्मलच असतात. टीएसएचचा उपयोग वेगळा आहे. ते कमी आलं असतं तर गाठ स्वतःच हार्मोन बनवते आहे का हे पाहायला टेक्नेशियमचा थायरॉईड स्कॅन केला असता. ‘हॉट’ निघालेल्या गाठीत कॅन्सर क्वचितच असतो आणि तिला सहसा सुई लागत नाही. टीएसएच २.१ असताना स्कॅन करू नका. गाठ बहुधा ‘कोल्ड’ (हार्मोन न बनवणारी) येईल आणि घरात घबराट होईल, पण बहुतेक साध्या गाठीही कोल्डच असतात. रक्तातलं थायरोग्लोब्युलिन, सीटी, एमआरआय, पेट स्कॅन, यातलं काहीही या टप्प्यावर लागत नाही. सीटीमध्ये दिलेल्या आयोडीनच्या औषधामुळे पुढे कधी रेडिओआयोडीनची गरज पडली तर ते काही आठवडे लांबणीवर पडतं, हा तोटा वेगळाच.

सासूबाईंचा गलगंड धोक्यात धरायचा का? नाही. घराण्याचा इतिहास म्हणून मोजतात तो आई, वडील, भावंडं, मुलं यांच्यातला थायरॉईडचा कॅन्सर. त्यातही मेड्युलरी प्रकार असेल किंवा एमईएन-२ हा आनुवंशिक आजार असेल तर गोष्टच बदलते. मग कॅल्सिटोनिन आणि रेट जनुकाची तपासणी करावी लागते. गलगंड, हायपोथायरॉईड, ‘आमच्याकडे सगळ्यांनाच थायरॉईड आहे’ हे यात येत नाही. मात्र तो गलगंड ऑपरेशन करून काढला असेल तर जुना बायोप्सी रिपोर्ट शोधा. घरी ‘गलगंड’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीमागे कधी कधी वेगळंच निदान असतं.

दुसरा विचारायचा प्रश्न लहानपणीच्या किरणोत्सर्गाचा. मान, डोकं किंवा छातीला रेडिओथेरपी झाली असेल तर धोका खरोखर वाढतो. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर किरणोत्सारी आयोडीन पोटात गेलेल्या मुलांमध्ये थायरॉईडचा कॅन्सर वाढला, त्यातून लहान वयातली थायरॉईड किती नाजूक असते ते साऱ्या जगाला कळलं. छातीचा किंवा दातांचा अधूनमधून काढलेला एक्स-रे यात धरत नाहीत.

हे सगळं स्वच्छ निघालं, नव्या सोनोग्राफीतही बेरीज ४ च आली आणि माप १४ च्या आसपासच राहिलं, तर? माझा कल एकदा सोनोग्राफी बघत सुईची तपासणी करून घेण्याकडे आहे. कारणं तीन. गाठ मर्यादेच्या अगदी काठावर आहे. वय ३८ म्हणजे पुढे अनेक वर्षं ही गाठ सोबत राहणार. आणि तुमच्या प्रश्नावरून दिसतं की वर्षभर वाट पाहणं घरातल्यांना फार जड जाईल. पण पत्नीला सुई नको असेल तर वर्षाने सोनोग्राफी हा निर्णयही शास्त्राला धरून आहे, त्याबद्दल कुणी तुम्हाला दोष देऊ नये. हा निर्णय शेवटी तिचा आहे.

सुईने कॅन्सर पसरण्याची भीती मनातून काढा. एफएनएसीची सुई २५ ते २७ गेजची असते, रक्त काढायच्या नेहमीच्या सुईपेक्षाही बारीक. सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी आहेत, पण इतक्या विरळ की त्यासाठी तपासणी टाळणं म्हणजे खरी माहिती मिळवायची संधी सोडणं. खांद्याखाली उशी ठेवून मान मागे टाकतात, सोनोग्राफीत बघत दोन ते चार वेळा सुई फिरवतात, प्रत्येक वेळी काही सेकंद. त्या वेळात गिळायचं नाही, बोलायचं नाही. नंतर दुखरेपणा आणि थोडं काळंनिळं पडणं नेहमीचं. मान झपाट्याने सुजली किंवा श्वास अडला तर लगेच परत जायचं, असं क्वचितच होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

१४ मिलिमीटरची गाठ हाताने चाचपून टोचण्यासारखी नसते. सोनोग्राफीशिवाय केलेली सुई शेजारच्या साध्या भागात जाऊ शकते आणि ‘बिनाइन’ असा खोटा दिलासा मिळू शकतो. नमुना बाद होण्याची कारणंही ठरलेली असतात: नुसतं रक्त येणं, फक्त सिस्टमधलं (गाठीतल्या पाण्याच्या पिशवीतलं) पाणी येणं, काचेवर थर जाड बसणं, स्लाइड अल्कोहोलमध्ये टाकायला उशीर होऊन पेशी सुकणं. नमुना पुरेसा म्हणायला थायरॉईडच्या पेशींचे किमान सहा पुंजके आणि प्रत्येकात किमान दहा पेशी हव्यात. पॅथॉलॉजिस्ट जागेवर असेल आणि नमुना लगेच तपासत असेल तर पुन्हा टोचायची वेळ कमी येते.

रिपोर्ट बेथेस्डा पद्धतीनेच मागा; सुईत आलेल्या पेशींची ही ठरलेली वर्गवारी आहे. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीत सहा गट आहेत आणि प्रत्येकाचा सरासरी धोका दिलेला आहे. गट १, नमुना अपुरा: १३ टक्के. गट २, साधी: ४ टक्के. गट ३, अनिश्चित: २२ टक्के. गट ४, फॉलिक्युलर निओप्लाझम: ३० टक्के. गट ५, कॅन्सरचा दाट संशय: ७४ टक्के. गट ६, कॅन्सर: ९७ टक्के. हे आकडे प्रौढांचे आहेत आणि ते मुख्यतः ज्यांचं ऑपरेशन झालं त्यांच्यावरून काढलेले आहेत. गट १ आणि ३ मधल्या ज्या गाठी निवांत दिसल्या त्यांना कुणी हात लावला नाही, त्या हिशेबात आल्याच नाहीत. त्यामुळे प्रत्यक्षातला धोका या आकड्यांपेक्षा थोडा कमीच असावा. शिवाय एखादी लॅब गट ३ सढळ हाताने देते, एखादी जपून. आपल्या लॅबचा अंदाज डॉक्टरांना असतो, तो विचारा.

गट १ आला तर तो ‘काही नाही निघालं’ असा वाचू नका. तपासणी झालेलीच नाही असं समजून पुन्हा करायची. गट ३ आला तर घाबरून ऑपरेशनला जाऊ नका. पुन्हा सुई टोचल्यावर बऱ्याचदा गट २ येतो. दुसऱ्यांदाही ३ आला तर सोनोग्राफीचं रूप, जनुकीय तपासणी परवडते आणि उपलब्ध आहे का, आणि पत्नीची इच्छा यावर पुढचं ठरतं.

गट ४ बद्दल लोकांना नेहमी प्रश्न पडतो: सुई लावूनही कॅन्सर आहे की नाही हे का सांगत नाहीत? फॉलिक्युलर कॅन्सर आणि साधी फॉलिक्युलर गाठ यांच्या पेशी सारख्याच दिसतात. फरक असतो तो गाठीचं कवच किंवा रक्तवाहिनी भेदली गेली आहे का, यात. आंब्यात सुई घालून रस काढला तर तो गोड की आंबट हे कळेल, पण सालीला कुठे चीर गेली आहे हे कळणार नाही, तसंच हे. त्यासाठी तो लोब काढून कवच चौफेर तपासावं लागतं. म्हणून गट ४ ला साधारणपणे निदानासाठी एका बाजूचा लोब काढायला सांगतात. पॅथॉलॉजिस्टला काही समजत नाही म्हणून नाही.

सुई आणि सोनोग्राफी यांचं जुळतंय का, हेही प्रत्येक वेळी पाहायचं. सोनोग्राफीत सात-आठ गुण आणि सुईत गट २, असं आलं तर मी त्या ‘बिनाइन’वर थांबत नाही, वर्षाच्या आत पुन्हा सोनोग्राफी आणि सुई करायला सांगतो. चार गुण आणि गट २, असं जुळलं तर एक ते दोन वर्षांनी सोनोग्राफी पुरते.

आता तिसऱ्या डॉक्टरांचा सल्ला. १० टक्क्यांच्या आसपास धोका असलेल्या गाठीसाठी, सुईसुद्धा न लावता, पूर्ण थायरॉईड काढणं म्हणजे अशा दहा बायकांपैकी साधारण नऊ जणींची निरोगी ग्रंथी काढणं. पूर्ण थायरॉईड गेल्यावर रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी जन्मभर लागते. आवाजाची नस ग्रंथीच्या अगदी पाठीमागून जाते, तिला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. कॅल्शियम सांभाळणाऱ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथी तिथेच चिकटलेल्या असतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटला तर हातापायाला मुंग्या आणि वांब येऊन कॅल्शियम कायमचं मागे लागतं. अनुभवी सर्जनच्या हातात हे कमी होतं, पण शून्य होत नाही. आणि उद्या सुईत पॅपिलरी कॅन्सर निघाला तरी १ ते ४ सेंटीमीटरच्या, ग्रंथीबाहेर आणि लसिका ग्रंथींत न गेलेल्या कॅन्सरसाठी अनेकदा एकच लोब काढणं पुरतं. तेव्हा आधीच सगळं काढून टाकून मिळवायचं काय?

दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सर तपासणीच्या मोहिमेसोबत थायरॉईडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ पर्यंत थायरॉईड कॅन्सरचं निदान १९९३ च्या पंधरा पट झालं. मृत्यूंचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. म्हणजे सापडलेले बहुतेक कॅन्सर आयुष्यभर त्रास न देणारे होते, आणि त्यासाठी माणसांनी थायरॉईड गमावली. जपानमध्ये कोबे इथल्या कुमा हॉस्पिटलने १९९३ पासून उलट वाट धरली. एक सेंटीमीटरपर्यंतच्या कमी धोक्याच्या पॅपिलरी कॅन्सरवर ऑपरेशन न करता नजर ठेवली. त्यांच्या १,२३५ रुग्णांच्या नोंदीनुसार दहा वर्षांत ८ टक्क्यांच्या गाठी ३ मिलिमीटर किंवा जास्त वाढल्या, ३.८ टक्क्यांच्या लसिका ग्रंथींत कॅन्सर दिसला, आणि वाढल्यावर ऑपरेशन करूनही निकाल चांगले राहिले. तुमची गाठ १४ ची आहे, तेव्हा कोबेचे आकडे तिला जसेच्या तसे लावू नका. पण थोडा वेळ घेऊन विचार केल्याने जीव जात नाही, एवढा धीर त्यातून नक्की घ्या.

धीर कुठे धरायचा नाही तेही सांगतो. काही आठवड्यांत झपाट्याने वाढणारी गाठ, नवीन आणि न जाणारा आवाजातला घोगरेपणा, दगडासारखी कडक आणि गिळताना न हलणारी गाठ, श्वास घेताना आवाज येणं, मानेच्या बाजूला वाढलेल्या गाठी, यातलं काहीही असेल तर टायरॅड्सचा हिशेब करत बसू नका, त्याच आठवड्यात सर्जनला दाखवा. साठीपुढच्या माणसात, विशेषतः जुनं हाशिमोटो असताना, मान भराभर फुगली तर लिम्फोमाचा (लसिका पेशींच्या कॅन्सरचा) विचार करावा लागतो. एकाच रात्रीत दुखून वाढलेली गाठ मात्र बहुधा सिस्टमध्ये रक्त उतरल्याने असते. पेट स्कॅनमध्ये योगायोगाने थायरॉईडचा एकच ठिपका उजळलेला दिसला तर तीनातल्या एकात कॅन्सर निघतो, तिथेही सुई टाळू नये. मुलांमधल्या गाठींना मोठ्यांची मापं लावायची नसतात. पत्नी गरोदर असेल किंवा तसं नियोजन असेल तर डॉक्टरांना सांगा: सुई चालते, किरणोत्सारी स्कॅन चालत नाही.

गाठ विरघळावी म्हणून टीएसएच नॉर्मल असताना थायरॉक्सिन सुरू करू नका. पूर्वी तसं देत, आता देत नाहीत: फायदा नगण्य, आणि धडधड, हाडं ठिसूळ होणं हे त्रास खरे. कोबी, फ्लॉवर, सोयाबीन बंद करायची गरज नाही. आयोडीनचं मीठ चालू ठेवा.

वाट पाहायचं ठरवलं तर टायरॅड्स ४ साठी पहिली सोनोग्राफी वर्षाने, मग दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी. शक्यतो त्याच रेडिओलॉजिस्टकडे जा आणि जुन्या फिल्म किंवा सीडी सोबत न्या, नुसता कागद नेऊ नका. वाढ म्हणायची ती किमान दोन मापांत २० टक्के आणि त्यातही प्रत्येकी किमान २ मिलिमीटर, किंवा आकारमानात ५० टक्के. तुमच्या गाठीपुरतं बोलायचं तर १४ चे १७ आणि ११ चे साडेतेरा झाले तर वाढली. १४ चे १५ झाले तर त्याला वाढ म्हणत नाहीत, पण ती अमेरिकन पद्धतीच्या सुईच्या मर्यादेत येते, तेव्हा तो प्रश्न पुन्हा उघडावा लागेल. आकारमान काढायला तिन्ही मापं सेंटीमीटरमध्ये गुणून ०.५२ ने गुणा: १.४ × १.१ × १.० म्हणजे साधारण ०.८ मिलिलीटर. ते १.२ च्या पुढे गेलं की सुई लावायची. साध्या गाठीही वाढतात, त्यामुळे वाढली म्हणजे कॅन्सरच असं धरू नका. आकार तोच राहिला पण नवे बारीक ठिपके आले, कडा बिघडली किंवा गाठ उभी झाली, तर मला ते नुसत्या वाढीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. म्हणून दर वेळी मापांसोबत पाचही गोष्टी लिहून घ्या आणि बेरीज मागच्या रिपोर्टशी ताडून पाहा.